शिरवाळ्यांचा साचा आणि मालवणचे पाच दिवस

आईला मालवणला घेऊन जाणार म्हटल्यावर नात्यातल्या तिघांनी मला एकच प्रश्न विचारला, "अगं, ती तिथे खाणार काय?" प्रश्न रास्त होता. आई साताऱ्याकडची, गळ्यात तुळशीची माळ, आजवर अंड्यालाही हात लावलेला नाही. समुद्र तिने एकदाच पाहिला होता, गणपतीपुळ्याला, तोही दर्शन उरकून अर्धा तास. मी मात्र लग्नानंतर मासे खायला शिकले आणि आता त्यांच्याशिवाय माझं अडतं. तरी मला तिलाच न्यायचं होतं. कार्तिकी वारी करून ती घरी आली आणि मार्गशीर्ष लागता लागता आम्ही दोघी ठाण्याला रात्रीच्या कोकणकन्येत चढलो. हे दिवस मुद्दाम निवडले होते. पाऊस संपलेला असतो, भात कापून झालेलं असतं, थंडी अजून बोचरी नसते आणि दक्षिण कोकणातल्या देवळांच्या जत्रा नुकत्याच सुरू झालेल्या असतात.

पहिला दिवस, शनिवार

कणकवलीच्या आसपास उजाडलं. जांभ्या दगडातून कापून काढलेली रुळांची वाट, दोन्ही बाजूंना लाल भिंती आणि त्यांवर पावसाळ्यातलं वाळलेलं गवत. हा रेल्वेमार्ग १९९८ साली पूर्ण सुरू झाला. त्याआधी इथली माणसं रात्रभर एसटीत बसून यायची आणि त्याच्याही आधी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने. आमच्या समोरच्या बाकावरचे आजोबा लहानपणी त्या बोटीने आले होते. लाटा वाढल्या की सगळ्या डेकवर नारळीकर, आंबेकर, भजनी मंडळी एकदम गप्प व्हायची, असं ते सांगत होते.

कुडाळला उतरलो आणि मालवणला जाण्याआधी रिक्षा पिंगुळीकडे वळवली. अगदी जवळ आहे, पण बहुतेक पर्यटक स्टेशनवरून थेट किनाऱ्याकडे पळतात. पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथीची परंपरा आहे. तिथे परशुराम गंगावणे यांनी आपल्या घरच्या गुरांच्या गोठ्यातच संग्रहालय उभं केलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. जुन्या चित्रांच्या पोथ्या, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या असं सगळं तिथे हाताच्या अंतरावर बघायला मिळतं.

चित्रकथी म्हणजे चित्र दाखवत सांगितलेली कथा. एकेक पान समोर उभं धरायचं, वाद्यांच्या साथीवर त्यातला प्रसंग गाऊन सांगायचा, मग पुढचं पान. रामायण-महाभारतातले प्रसंग, माणसं बाजूने काढलेली, डोळे मोठे टपोरे, रंग मातीचे आणि झाडपाल्याचे वाटावेत असे. सावंतवाडीच्या भोसले घराण्याचा या कलेला आश्रय होता. आई एका चित्रापुढे बराच वेळ उभी राहिली. रावणाची दहा तोंडं चित्रकाराने एका रेषेत न मांडता उतरंडीसारखी एकावर एक रचली होती. "कीर्तनात ऐकते तेच आहे," ती म्हणाली, "पण हे पुढ्यात धरलं की बुवांना थापा मारता येणार नाहीत."

आमचं राहणं तारकर्लीच्या पुढे, देवबागच्या वाटेवर. हा सगळा पट्टा म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. घराच्या पुढच्या दारातून लाटांचा आवाज आणि मागच्या दारातून खाडीचं संथ पाणी. घर एका दांपत्याचं, दोन खोल्या पाहुण्यांसाठी ठेवलेल्या. मी फोनवर आईच्या जेवणाचं सांगून ठेवलं होतं. घरच्या काकूंनी त्यावर एवढंच विचारलं होतं, "कांदा-लसूण चलता मा?"

गेल्या गेल्या त्यांनी आईला स्वयंपाकघरात नेऊन वेगळी ठेवलेली भांडी दाखवली. वेगळा तवा, वेगळी कढई, पळी, आणि मागच्या पडवीत खास आईसाठी मांडलेली चूल. ज्या घरात रोज दोन वेळा मासा शिजतो त्या घराने हे आपणहून करावं, याची मला अपेक्षा नव्हती. आईलाही नसावी, कारण ती काही न बोलता पदर खोचून त्यांच्या शेजारी बसली.

माझ्या ताटात बांगड्याचं तिखलं होतं. तिखल्यात खोबरं कमी, मसाला दाट, आंबटपणाला कोकमाची सोलं आणि वासाला तिरफळं. तिरफळ दाताखाली आलं तर जीभ बधिर होते, म्हणून ते बाजूला काढून ठेवायचं असतं, पण त्याच्याशिवाय बांगड्याचा उग्र वास मोडत नाही. आईच्या ताटात कुळथाची पिठी, लाल तांदळाचा भात, सुरणाची कापं आणि केळफुलाची भाजी. पिठीचा पहिला घास घेतल्याबरोबर ती म्हणाली, "अहो वहिनी, हा तर आमचा हुलगा!" आमच्या साताऱ्याकडे कुळथाला हुलगा म्हणतात आणि त्याचं माडगं करतात. काकूंना माडगं ठाऊक नव्हतं. मग जेवण राहिलं बाजूला आणि दोघींचं सुरू झालं: तुमच्याकडे गूळ घालता का, आम्ही कोकम घालतो, पीठ भाजून की कच्चं. नात्यातल्या तिघांच्या प्रश्नाचं उत्तर त्या ताटात होतं.

संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन आलो, पण खरी गोष्ट घडली ती परत आल्यावर. काकूंनी शिरवाळे करायला घेतले होते. तांदळाच्या पिठाची उकड काढून ती मळतात, तिचे मुठीएवढे गोळे करून उकळत्या पाण्यात सोडतात. गोळे तळाशी बसतात आणि शिजले की एकेक करून वर येतात. वर आलेला गोळा चटका बसत असतानाच लाकडी साच्यात घालायचा आणि वरचा दांडा दाबायचा. थंड झाला की तो दबत नाही. साचा म्हणजे चार पायांची बुटकी घोडीच, मधोमध भोक, भोकाच्या तळाशी बारीक छिद्रांची पितळी चकती. काका दांड्यावर जवळजवळ लोंबकळले, चकतीतून पांढऱ्याशुभ्र शेवया उतरू लागल्या आणि काकू खाली केळीचं पान फिरवत राहिल्या, म्हणजे वेटोळी एकमेकांना चिकटत नाहीत. दुसऱ्या गोळ्याला दांडा आईने धरला. तिसऱ्याला मी.

शिरवाळे खातात ते रसाबरोबर. रस म्हणजे नारळाचं दूध, त्यात गूळ आणि वेलची. उन्हाळ्यात आमरसाबरोबर शेवया खाणारी आई, तिने तीन वेळा घेतलं. हात धुताना तिने माझ्या कानाशी विचारलं, "तो साचा इथे विकत कुठे मिळत असेल?"

दुसरा दिवस, रविवार

पहाटे काकांनी दारावर थाप मारली. "रापण लागली, येवा बघूक."

रापण ही किनाऱ्यावरून ओढायची मासेमारी. होडी जाळं घेऊन समुद्रात जाते, अर्धवर्तुळ काढत जाळं सोडते आणि दुसऱ्या टोकाला किनाऱ्याला लागते. मग जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर जमिनीवर येतात आणि माणसांच्या दोन रांगा ते ओढायला लागतात. आम्ही पोचलो तेव्हा दोन्ही रांगांत बरंच अंतर होतं. रांगेतला सगळ्यात मागचा माणूस वाळूच्या चढावर पोचला की दोर सोडतो, चालत पाण्यापर्यंत जातो आणि रांगेत सगळ्यात पुढे पुन्हा दोराला लागतो. अशी रांग सतत आपल्याच भोवती फिरत राहते. कुणी मोठ्याने ओरडत नाही. पायाखाली वाळू करकरते, दोरातून पाणी निथळतं आणि हळूहळू दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकत येतात. बायका टोपल्या घेऊन बसलेल्या, पोरं मध्ये मध्ये लुडबुडणारी, आणि वर घारी.

तासाभराने जाळ्याची खोळ उथळ पाण्यात आली आणि पाणी उकळल्यासारखं दिसायला लागलं. तारली होती, बांगडे थोडे, पेडवे, काही खेकडे, एक-दोन जेलीफिश जे हाताने उचलून परत टाकले. मग वाटे पडले. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. दोन म्हाताऱ्या बाया नुसत्या येऊन उभ्या होत्या, त्यांच्याही पिशवीत मूठभर तारली पडली. कुणी मागितलं नाही, कुणी विचारलं नाही.

मी आईकडे पाहिलं. तिला माशांचा वास सोसणार नाही म्हणून ती वाऱ्याच्या बाजूला, होडीच्या आडोशाला उभी होती. ती म्हणाली, "इर्जिक आहे की ही." आमच्या गावाकडे एका शेतकऱ्याचं नांगरट-पेरणीचं काम अडलं की सगळं गाव आपापली औतं घेऊन त्याच्या रानात उतरायचं, त्याला इर्जिक म्हणत. तिच्या लहानपणी होती, आता नाही. रापणही कमी होत चालली आहे. काका परत येताना सांगत होते, की पूर्वी एका ओढीला होडी भरून मासळी यायची. आता पर्ससीनच्या, म्हणजे माशांना वेढा घालून खालून आवळायच्या जाळ्यांच्या, मोठ्या यांत्रिक होड्या थवेच्या थवे खोल पाण्यातच उचलतात, किनाऱ्यापर्यंत येणार काय? २०१६ साली सरकारने पर्ससीनवर बंधनं घातली, तरी काकांचा रोष ओसरलेला नाही. दोर ओढणाऱ्यांत पंचविशीतले चार-पाचच होते, बाकी सगळे पन्नाशीच्या पुढचे. हे दृश्य मला फार लागलं. मालवणला जाणाऱ्याने पाण्याखालचं प्रवाळ बघावं, जरूर बघावं, १९८७ पासून इथला समुद्र संरक्षित अभयारण्य आहे तो उगाच नाही. पण एक पहाट रापणीसाठी राखावी. जमलं तर दोराला हातही लावावा.

न्याहारीला उकड्या तांदळाची पेज. रात्रभर समुद्रावर राहून आलेली माणसं हीच खातात. बरोबर लोणच्याची फोड, आणि मला भाजलेला सुका बांगडा.

मग मालवण बंदर आणि सिंधुदुर्ग. धक्क्यावरून होडीने दहा-पंधरा मिनिटांत किल्ल्याला लागतो. वाटेत होडीवाला किनाऱ्याकडे बोट दाखवून सांगतो, तो मोरयाचा धोंडा. त्या खडकावर गणपती, चंद्र-सूर्य कोरलेले आहेत आणि किल्ल्याचं भूमिपूजन तिथेच झालं. दिवस २५ नोव्हेंबर १६६४. कुरटे नावाच्या बेटावर महाराजांनी हा जलदुर्ग बांधायला घेतला, हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली. पायाचे दगड बसवताना शिसं ओतलं. साडेतीनशे वर्षं त्या तटावर लाटा आपटताहेत.

होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसतच नाही. तटाचे दोन बुरूज एकमेकांच्या कवेत आल्यासारखे वळतात आणि त्या वळणात दरवाजा लपलेला आहे. समोरून येणाऱ्या शत्रूला नुसती भिंत दिसावी, तोफेचा गोळा सरळ दारावर बसू नये, ही त्यातली योजना. हे पुस्तकात कितीही वाचलं तरी होडीतून ते वळण डोळ्यांसमोर उलगडताना अंगावर काटा येतो.

आत सुमारे ४८ एकर जागा आहे, घरं आहेत, माड आहेत, शेती आहे. काही कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहतात. शिवराजेश्वराच्या देवळात महाराजांची मूर्ती आहे. हे मंदिर राजाराम महाराजांनी बांधलं. नेहमीच्या चित्रांतल्यापेक्षा ही मूर्ती वेगळी, बैठी, दाढी नसलेली. चुन्यात उमटलेला महाराजांचा हाताचा आणि पायाचा ठसा तटावरच्या छोट्या घुमट्यांत जपला आहे. आई तिथे वाकून नमस्कार करत होती आणि एक शाळेतला मुलगा आपल्या तळहाताचं माप हवेतच त्या ठशाशी जुळवून बघत होता.

चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये तीन विहिरी गोड्या पाण्याच्या: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. आम्ही साखरबावीचं पाणी प्यायलो. किल्ल्यावर राहणाऱ्या एका बाईंनी कळशीतून ओंजळीत घातलं. आईने विचारलं, "उन्हाळ्यात आटतं का?" त्या म्हणाल्या, "कधीच नाय." मला वाटतं, किल्ल्याचा खरा तट म्हणजे या तीन बावी. पाणी नसतं तर बाहेरचा दगडी तट किती दिवस टिकला असता?

होडीवाल्यांनी तासाभराची मुदत दिलेली होती. ती अपुरी पडते. सबंध तट फिरून यायचा तर निदान दोन तास हवेत, तेव्हा होडीत बसतानाच बोलून घ्यावं. २०२३ साली नौदल दिनाचा सोहळा या किल्ल्याच्या साक्षीने तारकर्लीच्या किनाऱ्यावर झाला, त्यानंतर गर्दी वाढल्याचं बंदरावरचे लोक सांगतात.

तिसरा दिवस, सोमवार

सोमवारी काकूंच्या घरी मासा शिजत नाही. तेव्हा माझंही ताट आईसारखंच: आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. आंबोळी बिडाच्या तव्यावर, नारळाच्या शेंडीने तेल फिरवून घातलेली, कडेला जाळीदार, मधे लुसलुशीत. सांबाऱ्यात भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण आणि घरचा मालवणी मसाला. हा मसाला उन्हाळ्यात वर्षाचा करून ठेवतात. काळा वाटाणा आधी रात्रभर भिजवावा लागतो, नाहीतर कितीही शिजवा, दाताखाली खडाच. सोबत सोलकढी. तिचा गुलाबी रंग कोकमाच्या सोलांचा. उन्हाळ्यात रातांबे फोडून त्यांची सालं त्यांच्याच रसात बुडवून पुन्हा पुन्हा उन्हात सुकवतात, तेव्हा ती काळी-जांभळी सोलं तयार होतात. मी आजवर सोलकढीला माशाची सोबतीण समजत होते. त्या सकाळी कळलं की ती कुणाच्या आधाराने उभी नाही.

दुपारी धामापूरला गेलो. मालवणहून कुडाळच्या वाटेवर आत वळलं की डोंगरांच्या कुशीत हा तलाव आहे. १५३० साली विजयनगरच्या काळात, नागेश देसाई या मांडलिकाच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी तो बांधला. दोन टेकड्यांच्या मध्ये मातीचा बांध, एका अंगाला भगवतीचं कौलारू देऊळ. देवळाच्या पायऱ्या सरळ पाण्यात उतरतात. २०२० साली या तलावाला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. पाचशे वर्षांपूर्वी बांधलेलं काम आजही पाणी देतंय.

पायरीवर बसलेल्या आजींनी आईला गोष्ट सांगितली. पूर्वी गावात लग्न निघालं की बायका फुलांचे दागिने करून परडीत घालायच्या आणि परडी तलावात सोडायच्या. दुसऱ्या दिवशी परडीत सोन्याचे दागिने यायचे. लग्न झालं की ते परत करायचे. कुणीतरी एकदा परत केले नाहीत, आणि मग परडी वर आलीच नाही. अशी गोष्ट इतर गावच्या तळ्यांबद्दलही सांगतात. पण आजी पाण्याच्या एका जागेकडे बोट दाखवत होत्या, अगदी "तो थय" म्हणून. आई त्या जागेकडे पाहत राहिली. पाण्यात झाडांची सावली हलत नव्हती इतकं ते स्थिर होतं.

रात्री जत्रा. गाव काकूंच्या माहेराचं, वाट भातखाचरांतून. देवळाभोवती खाज्याची दुकानं, केळी-नारळ-अगरबत्तीची ताटं घेतलेल्या ओटी भरायला आलेल्या माहेरवाशिणी. खाजं तिथेच गरम करत होते: बेसनाच्या जाड कांड्या तळून आलं-गुळाच्या पाकात घोळवायच्या. पाक सुकत आला की दुकानदार लाकडी उलथन्याने सगळी कढई झपाझप हलवतो, म्हणजे प्रत्येक कांडीला गुळाचं पांढुरकं कवच चढतं. एक सेकंद उशीर झाला तर सगळ्याचा एकच गोळा.

देवळात गाऱ्हाणं घातलं. मानकरी देवापुढे नारळ ठेवून बोलतात, गद्यात, घरच्या वडीलधाऱ्याशी बोलावं तसं: बा देवा म्हाराजा, आज ही लेकरां तुझ्या पायाशी जमली आसत, त्यांची काय चूक झाली आसात तर ती पोटात घे, खयचा संकट येत आसात तर ता दूर कर. आणि प्रत्येक वाक्याला सगळी सभा एका आवाजात, "व्हय म्हाराजा!" आईने पहिल्यांदा दचकून आजूबाजूला पाहिलं. चौथ्या वेळी तिचाही आवाज त्यात होता.

मग दशावतार, मालवणीत धयकालो. मध्यरात्र उलटून गेल्यावर उभा राहिला. त्याआधी मी देवळाच्या मागच्या पडवीत डोकावले होते. कंपनीचे पेटारे उघडे, प्रत्येक नट आपापला आरसा गुडघ्यावर ठेवून स्वतःच रंगत होता. चाळिशीतला एक रुंद खांद्यांचा गडी, हातांना दोराचे घट्टे. त्याने भुवया कोरल्या, नऊवारी नेसली, गंगावन बांधलं आणि शेवटी कुंकू लावताना क्षणभर डोळे मिटले. उठला तो बाईच्या चालीनेच.

आधी गणपती येतो, ऋद्धी-सिद्धी, सरस्वती. मग संकासुर, सगळा काळ्या कपड्यातला, तो मालवणीत बोलून लोकांना लोळवतो. त्यानंतर मुख्य आख्यान. त्या रात्री बभ्रुवाहनाचं होतं. रंगमंच म्हणजे देवळाचा सभामंडप आणि सामान म्हणजे एक बाकडं. तेच सिंहासन, तेच पर्वत, तेच रणांगणातला रथ. पायपेटी, मृदंग, झांज. संहिता लिहिलेली नसते. कथानक ठरवून घेतात आणि संवाद नट तिथल्या तिथे रचतात, म्हणून प्रत्येक रात्रीचं नाटक वेगळं. अर्जुन मुलाच्या हातून पडला आणि चित्रांगदा, तोच दोराचे घट्टे असलेला गडी, मुलाला विचारू लागली की मी तुला धनुष्य धरायला शिकवलं ते यासाठी का? पाच-दहा मिनिटं तो एकटा बोलत होता. शेजारच्या बायका डोळे पुसत होत्या. आईने माझा हात धरून ठेवला होता. तो हात तिने पहाटे दहीहंडी फुटेपर्यंत सोडला नाही.

चौथा दिवस, मंगळवार

दुपारपर्यंत झोपलो. संध्याकाळी होडीतून देवबागच्या संगमावर, जिथे कर्ली समुद्राला मिळते. नदीचं पाणी हिरवं, समुद्राचं निळं, आणि मधली रेघ स्पष्ट दिसते. रात्री मला कोंबडी-वडे आणि तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं, आईला वड्यांबरोबर पुन्हा काळे वाटाणे, तिच्याच मागणीवरून.

साच्याची चौकशी चालूच होती. मालवणच्या बाजारात मिळाला तो पितळेचा, हातात धरून पिळायचा, चकलीच्या सोऱ्यासारखा. आईने हातात घेऊन परत ठेवला. "याला एकटं माणूस पुरतं," ती म्हणाली, "तो नको."

पाचवा दिवस, बुधवार

काकूंचा निरोप घेताना त्यांनी आईची ओटी भरली. नारळ, तांदूळ, आणि वर कोकमाच्या सोलांची पुडी.

परतीची गाडी रात्रीची, म्हणून दिवस सावंतवाडीला दिला. मोती तलावाकाठचा राजवाडा, आणि त्यात गंजिफा रंगवणारे कलावंत. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. हा खेळ विझत चालला होता, तो शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी पुन्हा उभा केला. दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाचे बारा पत्ते, म्हणजे एकूण १२०. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान, बाकी एक ते दहा. मत्स्याच्या पत्त्यावर मासे मोजायचे, कूर्माच्या पत्त्यावर कासवं. एक कलाकार बाई अंगठ्याएवढ्या नरसिंहाच्या आयाळीत एकेक केस ओढत होत्या, श्वास रोखून. रेष पूर्ण झाली की श्वास सोडायच्या. परवा रात्री मंडपात पाहिलेली गोष्ट आज तळहाताएवढ्या वर्तुळात मावली होती.

मग चितारआळी. लाकडी फळं, भातुकली, पाट, पाळणे, सगळं रंगाने झळाळणारं. फळं हलक्या पांगाऱ्याच्या लाकडाची करतात. आईला त्यात रस नव्हता. ती प्रत्येक दुकानात शिरून विचारत होती. शेवटी आळीच्या टोकाला एका दुकानदाराने माळ्यावरून धूळ झटकत एक साचा काढला. फणसाच्या लाकडाचा, पिवळसर, चार पायांचा, लांब दांड्याचा, पितळी चकतीचा. आईने दांडा वर-खाली करून पाहिला, चकती उजेडात धरून छिद्रं तपासली आणि भाव न करता पैसे दिले. असं करताना मी तिला पहिल्यांदाच पाहिलं.

साचा काकूंनी दिलेल्या जुन्या लुगड्यात गुंडाळून बर्थखाली ठेवला, पण एक पाय बाहेर डोकावत होता. कणकवलीला एक आजी चढल्या, समोर बसल्या आणि त्यांची नजर तिथेच गेली.

"शिरवाळ्यांचो मा? खयसून घेतलास?"

"सावंतवाडीहून," आई म्हणाली. "पण मला पिठाचं माप नीट कळलेलं नाही. पाणी किती घ्यायचं?"

आजींनी पिशवी खाली ठेवली, पाय वर घेतले आणि सांगायला सुरुवात केली. त्यांचं माप काकूंच्या मापाहून वेगळं होतं. आईने मला कोपराने ढोसलं, "लिहून घे गं."